युरोडायनॅमिक टेस्टला जायचंय? लाजेचं आणि भीतीचं काय करायचं ते सांगते

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'युरोडायनॅमिक' असा लांबलचक शब्द लिहिला की पहिला प्रश्न येतो, दुखतंय काय. आणि दुसरा, जो कुणी तोंडानं विचारत नाही, तो म्हणजे तिथं कोण कोण बघतंय. मी ही टेस्ट स्वतः केलीय. वय ४७, शिंकलं खोकलं की थेंब जायचे आणि बाहेरून आल्यावर किल्ली कुलपात घालेपर्यंत सुद्धा धीर निघायचा नाही. त्यानंतर वर्षभरानं बाबांना घेऊन गेले, त्यांना वीस वर्षांची शुगर आणि वर प्रोस्टेट. म्हणजे बाईचं आणि पुरुषाचं, दोन्हीकडचं बघून झालंय. आमचं गाव खानापूर तालुक्यात, टेस्ट बेळगावात. निपाणी-चिक्कोडीकडची माणसं कोल्हापूर नाहीतर मिरजेला जातात, पण टेस्ट कुठंही केली तरी पद्धत हीच.

दुखतंय काय, तर थोडं. जळजळ म्हणा. दुखण्यापेक्षा कानकोंडं जास्त होतं, आणि त्याबद्दलच आधी कुणी सांगत नाही म्हणून एवढं लिहायला बसले.

१. टेस्ट कशासाठी लिहिलीय ते डॉक्टरांना विचारा

हे विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका. लघवीची पिशवी भरताना कशी वागते, किती मावतं, मधेच आपोआप आवळते काय, रिकामी होताना किती जोर लावते, हे बघायची ही टेस्ट. सोनोग्राफीत पिशवीचा आकार दिसतो, आत किती लघवी शिल्लक राहिली तेही दिसतं, पण ती का राहिली ते दिसत नाही. बाबांचा प्रश्न नेमका तोच होता. धार बारीक झालेली, ती प्रोस्टेटनं वाट अडवल्यामुळं की इतक्या वर्षांच्या शुगरनं पिशवीच्या नसा मंदावल्यामुळं? वाट अडलीय म्हटलं तर ऑपरेशनचा उपयोग, पिशवीच थकलीय म्हटलं तर ऑपरेशन करून फारसं हाताला लागत नाही. एवढं समजल्यावर बाबा तयार झाले, तोवर "मी काय न्हान पोरगं हाय लोकांसमोर मुतायला" हेच चालू होतं.

आणखी एक, या टेस्टला भूल देत नाहीत. पुष्कळ जणांना वाटतं पैसे वाचवायला देत नाहीत, तसं नाही. तुम्हाला काय जाणवतंय ते तुम्हीच सांगायचं असतं, झोपलेल्या माणसाला कोण विचारणार. त्यामुळं उपाशी पण जायचं नसतं, वेगळं काही सांगितलं नसेल तर नेहमीसारखा नाष्टा करून जा. शुगरवाल्यांनी तर नक्कीच.

२. तीन दिवसांची डायरी

जमलं तर टेस्टच्या आधी ३ दिवस लिहून ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, किती मिली झाली, काय प्यालात आणि किती, कधी गळलं, रात्री किती वेळा उठलात. माप असलेलं एखादं जुनं प्लास्टिकचं भांडं घ्या आणि ते बाथरूममध्येच ठेवा, स्वयंपाकघरात परत जाणार नाही याची घरात सगळ्यांना कल्पना द्या (आमच्याकडं गेलं होतं, विषय वाढवत नाही). ही डायरी असली की टेस्ट करणाऱ्याला कळतं तुमची पिशवी घरी ३५० मिली धरते की १५०, म्हणजे तिथं भरताना कुठं सावध व्हायचं याचा अंदाज येतो.

३. कल्चर आणि गोळ्या, इथं सगळ्यात जास्त जण फसतात

लघवीत इन्फेक्शन असताना ही टेस्ट करत नाहीत. नळीबरोबर जंतू वर जाऊन ताप येऊ शकतो आणि रिझल्टही चुकतो. त्यामुळं आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतायत काय ते बघायची लॅबची तपासणी). कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात हे लक्षात ठेवून तारीख घ्या. बाबांच्या पहिल्या वेळेला आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही, सकाळी साडेसहाच्या बसनं गेलो, नंबर आला, आणि कल्चर कुठाय म्हणून परत पाठवलं. माझा पूर्ण दिवस आणि बाबांचा सगळा धीर, दोन्ही गेलं.

गोळ्यांचं असं, की पिशवी शांत करायच्या गोळ्या असतात (सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन, मिराबेग्रॉन अशी नावं), आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. काही डॉक्टर टेस्टआधी काही दिवस त्या थांबवायला सांगतात, काही चालू ठेवायला सांगतात कारण त्यांना गोळीसकट काय होतंय ते बघायचं असतं. दोन्ही बरोबरच, पण शेजारणीला बंद करायला सांगितली म्हणून तुम्ही बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी तर स्वतःच्या मनानं अजिबात थांबवायची नाही, फक्त चालू आहे एवढं आधी सांगायचं.

आणि हे असेल तर न विचारताच सांगा: हृदयाची झडप बदललेली, गुडघा किंवा खुबा बदललेला, रबराची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी, दिवस गेलेत, पाळी चालू आहे, मूळव्याध आहे, आणि मणक्याला जुना मार आहे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात मार असलेल्या माणसाला पिशवी भरताना एकदम बीपी चढू शकतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो. तसं झालं तर लगेच ओरडून सांगायचं, ते भरणं थांबवून पिशवी रिकामी करतात.

पोट साफ असणं पण गरजेचं. का ते सहाव्या पायरीत कळेल. बद्धकोष्ठ असेल तर दोन दिवस आधीच डॉक्टरांना विचारून काय ते घ्या.

४. सोबत न्यायच्या बॅगेत काय भरायचं

- आधार, रेशनकार्ड, असेल तर योजनेचं कार्ड
- जुनी फाईल, सोनोग्राफी, कल्चरचा रिपोर्ट, डायरी
- चालू गोळ्यांच्या स्ट्रिप (नावं सांगत बसू नका, स्ट्रिपच दाखवा)
- जादा आतले कपडे, एक परकर नाहीतर लुंगी, टॉवेल, दोन-तीन पॅड
- पाण्याची बाटली, हेडफोन, पायमोजे

पायमोज्यांना हसू नका. एसीत कमरेखाली उघडं अर्धा-पाऊण तास बसायचं असतं, पाय गार पडले की अंग आखडतं आणि अंग आखडलं की सगळंच अवघड होतं. बायकांनी साडीऐवजी गाऊन किंवा पुढून उघडणारा कुर्ता घातला तर वरचं अंग झाकलेलं राहतं, मला तेवढ्यानंच अर्धं हलकं वाटलं. पुरुषांना लुंगीसारखं सोयीचं काही नाही.

योजनेचं सांगायचं तर आपल्याकडं कर्नाटकची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना पण लागू केलीय, पण नुसत्या टेस्टला त्यातलं काय चालतं ते त्या त्या हॉस्पिटलच्या योजनेच्या काउंटरवर आधीच्या दिवशी विचारून घ्या, चालेलच असं धरून मोकळ्या खिशानं जाऊ नका.

५. पाणी कधी प्यायचं

"पिशवी भरून या" असं सांगतात. मी शहाणी, घरातूनच एक लिटर पिऊन निघाले. खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर, मच्छे आलं तेव्हा मी दात आवळून बसले होते, पिरनवाडीच्या स्पीडब्रेकरला जे व्हायचं ते झालं, आणि उद्यमबागच्या ट्रॅफिकमध्ये राहिलेलं पण गेलं. तर घरातून रिकामं होऊन निघा, हॉस्पिटलला पोचा, नंबर लावा, आणि तिथं बसून दोन-तीन ग्लास सावकाश प्या. पाणी कमी प्यायला सांगितलं असेल, किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर किती प्यायचं ते विचारून. आणि नंबर लांबला, थांबवत नाही असं झालं तर काउंटरवर जाऊन स्पष्ट सांगा. उगाच वाट बघत बसू नका आणि न सांगता बाथरूमला पण जाऊ नका, कारण पहिला भाग त्या लघवीवरच आहे.

तो पहिला भाग अगदी सोपा. भोक असलेली खुर्ची नाहीतर उभं राहायचं फनेल, खाली मशीन. त्यात नेहमीसारखी लघवी करायची, मशीन धारेचा वेग मोजतं. निदान १५० मिली तरी व्हायला पाहिजे नाहीतर आकडा धरण्यासारखा नसतो. पुरुषांमध्ये सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग गेला तर साधारण बरं, १० च्या खाली असला की पुढं शोध. इथं दार बंद करून घ्यायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

६. नळ्या

आता भीतीचा भाग. नळ्या दोन. एक लघवीच्या वाटेनं पिशवीत, दुसरी शौचाच्या वाटेनं (काही ठिकाणी बायकांना योनीमार्गातून). दुसरी कशाला असं मीही विचारलं. तर खोकलं, हललं, बोललं की पोटाचा दाब पिशवीवर पण पडतो, त्यामुळं पिशवीतल्या दाबातून पोटाचा दाब वजा करावा लागतो, राहिला तो पिशवीच्या स्नायूचा स्वतःचा जोर. म्हणून मघाशी पोट साफ ठेवा म्हटलं, तिथं खडा असला की नळी नीट बसत नाही आणि आकडे चुकतात.

घाबरायचं कारण असं, की आपण सगळ्यांनी घरातल्या कुणाला तरी ऑपरेशननंतर लावलेली ती जाड नळी आणि पिशवी बघितलेली असते. ती साधारण १४-१६ फ्रेंच मापाची, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास. या टेस्टची नळी ६-७ फ्रेंच, जेमतेम दोन मिलिमीटर. बाबांना मी उदबत्तीच्या काडीसारखी बारीक आणि मऊ असते असं सांगितलं, तर म्हणाले उदबत्ती कशाला म्हणूलालीस, आणखी भीती वाटूलालीय. तुम्ही वेगळी उपमा द्या.

नळी घालताना काय करायचं:

सुन्न करायची जेली लावतात, लावल्यावर लगेच नळी घालू नका, दोन-चार मिनिटं थांबा असं सांगायचं. पुरुषांनी तर हे म्हणायचंच, कारण वाट लांब आहे आणि आतपर्यंत सुन्न व्हायला वेळ लागतो. गर्दी असली की हे थांबणं गाळलं जातं.

नळी आत जाताना श्वास धरू नका. धरला की खालचे स्नायू आवळतात आणि मग तेच टोचतं. तोंडानं फुंकर मारल्यासारखा लांब श्वास सोडत राहा, पायाची बोटं हलवत राहा. पुरुषांना एका जागी अडल्यासारखं होतं, तिथं लघवी करतोय असा हलका जोर दिला तर वाट सैल होते. पाच-दहा सेकंदांचा मामला. बायकांचं त्याहून लवकर आटपतं.

आणि खोलीत किती माणसं आहेत ते बघा. माझ्या वेळेला तीन शिकाऊ मुलं न विचारता आत आली, दार उघडंच, पडदा अर्धा. मी काहीच बोलले नाही, अजून त्याचा राग स्वतःवर येतो. शिकणाऱ्यांनी शिकावं, पण मला विचारून. बाबांच्या वेळेला मी आधीच सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांचं काम आहे तेवढीच माणसं ठेवा, आणि त्यांनी ठेवली सुद्धा, कुणी वाईट तोंड केलं नाही. बायकांनी सोबत लेडी सिस्टर मागायची. सही घेतात तो कागद कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचून सांगा म्हणायचं, सही त्यानंतर.

भाषेचं आणखी थोडं. खानापूरच्या आतल्या गावातल्या आमच्या आज्या-आत्यांना कन्नड येत नाही आणि टेक्निशियनला कधी मराठी येत नाही. चार शब्द पाठ करून ठेवले तरी काम भागतं: नोवु म्हणजे दुखणं, उरी म्हणजे जळजळ, साकु म्हणजे पुरे, स्वल्प तडीरी म्हणजे जरा थांबा. आणि ते केम्मरी म्हणाले की खोकायचं.

७. भरताना: सोसू नका, सांगा

टेस्टचा जीव इथं आहे. बारीक नळीतून सलाईन पिशवीत हळूहळू सोडतात, साधारण मिनिटाला ५० मिलीच्या आसपास, नसांचं दुखणं असेल तर त्याहून बरंच सावकाश. पाणी फार गार वाटलं तर बोला, गार पाण्यानं पिशवी उगाच आवळते. मधे मधे खोकायला लावतात, दोन्ही नळ्या नीट काम करतायत काय ते बघायला आणि खोकल्यावर गळतंय काय ते बघायला.

ते विचारतात: पहिल्यांदा भरल्यासारखं कधी वाटलं, लघवीला जावंसं कधी वाटलं, आता अजिबात थांबवत नाही असं कधी झालं. प्रत्येक वेळी ते मशीनवर खूण करतात. आणि आपली माणसं इथंच घोटाळा करतात. सोसायची सवय. माझी आत्या अशाच टेस्टला गेली, विचारलं की प्रत्येक वेळी "काय न्हाई, बरं हाय", कारण तिला वाटलं धीर धरला की टेस्ट चांगली येते. रिपोर्टात पिशवी मोठी आणि संवेदना कमी असं काहीतरी आलं, आणि घरी मात्र तासा-तासाला धावत होती. ही परीक्षा नव्हे. जास्त धरलं म्हणून मार्क नाहीत. जे वाटेल ते, वाटेल त्याच क्षणी, मोठ्यानं सांगायचं. दुखलं तर दुखतंय, थांबा. भरणं थांबवता येतं, वेग कमी करता येतो.

आणि गळलं तर? गळू दे. मला तिथं खोकताना गळलं आणि मी माफ करा माफ करा म्हणायला लागले, तर टेक्निशियनबाई म्हणाल्या, अहो आम्ही त्याचीच वाट बघतोय, नाही गळलं तर तुमची तक्रार सापडायची कशी. त्या एका वाक्यानं माझे खांदे खाली आले. खाली शीट असते, पुसायला माणसं असतात, रोजचं काम त्यांचं.

मन दुसरीकडं न्यायला मी एका कानात हेडफोन घालून अभंग लावले होते, दुसरा कान मोकळा, त्यांचे प्रश्न ऐकू यायला पाहिजेत म्हणून. बाबांनी ते नाकारलं आणि टेक्निशियनला शेतातल्या उसाचं सांगत बसले. बोलून बोलून ग्राफ हलतो म्हणून त्याला मधेच "अज्जा, स्वल्प गप्प" म्हणावं लागलं.

८. नळीसकट लघवी

पिशवी भरली की आता करा म्हणतात, नळ्या तशाच ठेवून, तारा लोंबतायत, बाहेर कुणीतरी उभं. येत नाही. आतून इतकी लागलेली असते आणि तरी येत नाही, बाबांना सात-आठ मिनिटं आली नाही. असं पुष्कळांचं होतं. सगळ्यांना पडद्यामागं जायला सांगा, नळ सोडायला सांगा, पाण्याचा आवाज कामाला येतो. पुरुषांनी उभं राहून सवय असेल तर उभं राहू दे म्हणावं, बायकांनी पाय नीट टेकवून बसावं, अधांतरी नाही. जोर लावून काढू नका, नेहमी घरी जोर लावत असाल तरच लावा.

आणि शेवटपर्यंत नाहीच आली, किंवा घरच्यापेक्षा वेगळीच आली, तर टेक्निशियनला सांगा की घरी असं होत नाही, आणि ते रिपोर्टात लिहायला लावा. नाहीतर लाजेनं अडलेलं आजारानं अडलेलं म्हणून वाचलं जाईल.

सगळं मिळून अर्धा ते एक तास. नळ्या काढताना घालतानाइतकं सुद्धा वाटत नाही.

९. घरी आल्यावर

एक-दोन दिवस लघवीला जळजळ, एखाद्या वेळी गुलाबी झाक, चालतं. पाणी जास्त प्या (ज्यांना पाण्याचं बंधन नाही त्यांनी). अँटिबायोटिक सगळ्यांनाच देतात असं नाही, दिलं तर पूर्ण घ्या. बसनं जाणाऱ्यांनी निघण्याआधी हॉस्पिटलातच पुन्हा एकदा जाऊन या आणि पॅड लावून बसा, पिरनवाडीचे स्पीडब्रेकर परतीच्या वाटेवर पण आहेतच.

थंडी वाजून ताप, लघवी तुंबणं, रक्ताच्या गुठळ्या, कमरेत जोराचं दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात. शुगर असलेल्यांनी तर तापाला साधा म्हणायचंच नाही.

रिपोर्ट स्वतः वाचून गूगल करत बसू नका, ग्राफ बघून मी एक रात्र जागून काढली आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की खोकल्याचं आणि घाईचं दोन्ही थोडं थोडं आहे, व्यायाम आणि गोळीनं सुरुवात करू. बाबांची पिशवीच थकलेली निघाली, ऑपरेशन टळलं, आता दिवसातून ठरलेल्या वेळी नळीनं रिकामी करायला शिकलेत, स्वतःच करतात.

रिपोर्टची झेरॉक्स मात्र त्याच दिवशी काढा. काही मशीनचा ग्राफ बसच्या तिकिटासारख्या गुळगुळीत कागदावर येतो आणि तो पुसट होत जातो, बाबांचा पुढच्या दिवाळीपर्यंत कोरा झाला होता.